एका ताटात पन्नास नोड

"नेटवर्क सिम्युलेटरमध्ये खरा टीसीपी स्टॅक घाल, मग निकाल खरे येतील," असं म्हणणाऱ्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायचंय. एलडब्ल्यूआयपी हा स्टॅक, म्हणजे नेटवर्कवरची देवाणघेवाण सांभाळणारा कोड, एका यंत्रात एकटा राहायला जन्मलेला. चालू कनेक्शनांची यादी चक्क ग्लोबल, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामला मिळून एकच! इथे तर एकाच प्रोसेसमध्ये पन्नास नोड, म्हणजे पन्नास लुटुपुटूची यंत्रं, नांदतात. मग तिसऱ्याचा अ‍ॅक (पॅकेट मिळाल्याची पोच) सतराव्याच्या गळ्यात. बसा आता एकेक ग्लोबल हुडकून नोडगणिक वेगळा करत.

त्यात एनएस-३ मध्ये, म्हणजे आमच्या सिम्युलेटरमध्ये, चेकसम (पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखायचा आकडा) मुळातच बंद. सिन पॅकेट (जोडणीची पहिली हाक) निघालं, पोचलं, आणि पलीकडच्या खऱ्या स्टॅकने ते चेकसम जुळत नाही म्हणून गुपचूप फेकून दिलं. मी दोन दिवस राउटिंग टेबल (पॅकेटांच्या वाटांची यादी) खरवडत होतो!

आणि वेळ? ती तर विचारूच नका. सिम्युलेटरचं घड्याळ एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारतं. मधला कोड चालताना ते जागचं हलत नाही. आमच्या ड्रायव्हरमध्ये कुण्या महाभागाने '१० मिलिसेकंद होईपर्यंत फिरत राहा' असं लूप लिहून ठेवलंय. होणार कधी ते १० मिलिसेकंद? लॅपटॉपचा पंखा घोंगावतोय, चहा गार झालाय, सिम्युलेशन अजून २.२५ सेकंदांवरच.

स्टॅकची नवी आवृत्ती आलीय म्हणे. आमचे जुने पॅच (स्टॅकच्या कोडमध्ये केलेले बदल) त्यावर अर्थातच लागत नाहीयेत.