हसऱ्या आचाऱ्याचं चित्र

पालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचं सार असं: मुलांच्या चित्रपुस्तकांतल्या गुलामगिरीवर आणि दर्यावर्दींवर आक्षेप घेणारे उगाच राईचा पर्वत करतात. काही गुलाम खरंच सुखात होते, तो काळच तसा होता, लहानग्यांना क्रौर्य झेपत नाही, आणि शोध तो शोधच. दाखला असतो अमेरिकेत २०१६च्या जानेवारीत आलेल्या स्कॉलस्टिकच्या एका पुस्तकाचा. जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला त्याचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी केक करायला घेतात, साखर संपलेली असते, धावपळ उडते, चेहरे मात्र हसरे. गदारोळ झाला आणि प्रकाशकाने पंधरा दिवसांच्या आत पुस्तक मागे घेतलं.

मागे घ्यायलाच हवं होतं का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते चित्रं आणि मजकूर नव्याने केला असता तरी चाललं असतं. पण ग्रुपांवरच्या त्या मजकुरातले मुद्दे टिकत नाहीत.

‘हर्क्युलिस सुखात होता.’ यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते नीट बघायला हवं. फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंपाकघरात त्याचा दरारा होता. उरलंसुरलं विकून तो वर्षाला शंभर-दोनशे डॉलर कमवायचा, आणि काम आटोपलं की मखमली कॉलरचा निळा कोट घालून, सोन्याच्या मुठीची काठी घेऊन फिरायला निघायचा. हे वॉशिंग्टनची बायको मार्था हिच्या, त्याच घरात वाढलेल्या नातवाने लिहून ठेवलंय. मजकूर इथवर येतो आणि थांबतो. पुढचं असं: १७९६च्या नोव्हेंबरात हर्क्युलिसच्या मुलावर, रिचमंडवर, चोरीचा आळ आला. बापलेक पळून जायच्या बेतात आहेत की काय, असं वॉशिंग्टनच्या मनात आलं. त्या हिवाळ्यात हा नावाजलेला आचारी माउंट व्हर्ननच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या इस्टेटीच्या, जमिनीवर दगड फोडत होता, विटांसाठी माती खणत होता. २२ फेब्रुवारी १७९७ला तो पळाला. त्या दिवशी वॉशिंग्टनला ६५ वर्षं पूर्ण झाली! वाढदिवसाचीच गोष्ट सांगायची तर ही होती. पुस्तकात ती आहे, पण मागच्या टिपणात, जिथवर झोपताना गोष्ट वाचून दाखवणारे आईबाप सहसा पोचत नाहीत.

‘तो काळच तसा होता.’ फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे, त्या पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी हळूहळू संपवणारा कायदा १७८०मध्येच केला होता. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिने तिथे राहिला, तर तो स्वातंत्र्य मागू शकत होता. म्हणून मुदत भरायच्या आत वॉशिंग्टन आपल्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. एप्रिल १७९१मध्ये त्याने आपल्या सचिवाला, टोबियास लियरला, कळवलं की हे अशा सबबीखाली व्हावं, ज्याने ती माणसं आणि जनता दोघांचीही दिशाभूल होईल. वावगं वाटत नव्हतं, तर सबब कशाला लागली? शिवाय ‘तेव्हा सगळेच तसे’ म्हणताना त्या ‘सगळ्यां’त हर्क्युलिसला कुणी धरत नाही.

‘मुलांना झेपत नाही.’ हर्क्युलिस पळाल्यावर दोनेक महिन्यांनी फ्रान्सचा भावी राजा लुई-फिलिप माउंट व्हर्ननला आला होता. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, बाबा आता कधीच भेटणार नाहीत, वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, मला खूप आनंद झालाय, कारण ते आता मोकळे आहेत. लुई-फिलिपने हे रोजनिशीत टिपलंय. ज्या वयाच्या वाचकांसाठी ती केकची गोष्ट होती, त्याच वयाची ही पोर. या प्रसंगात रक्त नाही, चाबूक नाही. चित्रकाराला तो केकपेक्षा अवघड गेला नसता. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रामुळे १८०१मध्ये हर्क्युलिस कायद्यानेही मुक्त झाला. रिचमंड आणि त्याची सख्खी भावंडं मात्र नाही, कारण त्यांची आई मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीत मोडत होती आणि पोरं आईच्या मालकाची. हे दहाव्या वर्षी सांगा, हवं तर.

राहिले दर्यावर्दी. वास्को द गामाने भारत ‘शोधला’ म्हणतात, पण पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतपर्यंतची वाट त्याला तिथे मिळालेल्या वाटाड्याने दाखवली. १५०२च्या फेरीत त्याने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगू नका, कबूल. पण मग त्याच्यापुढे गामाला हिरोही करू नका. गोव्यात १५८०च्या दशकात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने तर भर रस्त्यात रोज सकाळी भरणारा लिलाव पाहिला, त्यात इतर मालाबरोबर माणसंही विकली जात.

माझ्या भाचीकडच्या रंगीत पुस्तकात गामा कालिकतच्या झामोरिन राजापुढे सोन्याने भरलेली पेटी उघडतो. त्याच्याच ताफ्यातल्या माणसाच्या रोजनिशीतली १४९८ची यादी मी तिला वाचून दाखवली: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे १२ तुकडे, ४ लाल टोपडी, ६ हॅट, पोवळ्यांच्या ४ माळा, हात धुवायची ६ भांडी, साखरेची पेटी, तेलाची २ पिंपं, मधाची २. राजाची माणसं हे बघून हसली, मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो म्हणाली. भाची उठली, स्केचपेन घेतलं, आणि पेटीतलं सोनं खोडून त्यावर सहा हॅट काढल्या.