आडनाव बापाचं, जमीन बापाची. जनुकं मात्र आईची म्हणे!

परवा सकाळी सव्वासहाला काकांनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'कॅन्सर आणि जीन्स : डॉक्टर लपवतात ती सत्ये'. आठ मुद्दे, ओळीओळीला लाल उद्गारचिन्हं आणि शेवटी जोडलेले हात. असलं काही मी एरवी उघडत नाही. हे उघडावं लागलं, कारण दुपारी काकांच्याच थोरल्या मुलीचा फोन आला. "ताई, मी शुक्रवारची अपॉइंटमेंट रद्द केली गं. ते वडिलांकडून येतच नाही म्हणे. बाबांनीच टाकलंय ना ग्रुपवर."

अपॉइंटमेंट कसली, ते आधी सांगते. माझ्या वडिलांना दोन बहिणी. थोरली आत्या ५१व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. धाकटीला ४३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. तिच्या डॉक्टरांनी घरची माहिती विचारली, रक्त तपासलं आणि बीआरसीए-१ या जनुकात दोष सापडला. तेव्हाच त्यांनी तिला बजावलं होतं, 'भावांना सांगा, भावांच्या मुलांना सांगा.' आत्याने सांगितलं. आम्ही तीन महिने 'बघू, करू' केलं. शेवटी बहिणीने वेळ घेतली आणि एका मेसेजने ती घालवली.

म्हणून त्या मेसेजचे मुद्दे घेते. क्रमाने नाही घेणार, कारण मुद्दा क्रमांक चारवर माझं डोकं फिरलंय, तर आधी तोच.

मेसेज म्हणतो : 'स्तन व अंडाशयाचा कॅन्सर फक्त आईकडून मुलीकडे जातो. वडिलांकडच्या नात्याचा विचार करण्याची गरज नाही.'

आपल्याकडे गोत्र बापाचं, कुलदैवत बापाचं, सातबारा बापाचा, टक्कलसुद्धा बापाकडून आलं म्हणतात. दोष असलेलं जनुक तेवढं आईच्या माथी! बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याचा भाऊ शोभेल असं बीआरसीए-२ तेराव्यावर. ही दोन्ही गुणसूत्रं बाईतही असतात आणि पुरुषातही, प्रत्येकी दोन प्रती. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. वडिलांच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल, तर ती मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी. आईच्या बाबतीतही निम्मीच. यात आईला जास्त आणि बापाला कमी असं काही नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या मेंडेलच्या वाटाण्यांइतकं हे साधं आहे.

मग ही समजूत एवढी पक्की का? मला वाटतं, ती खरी 'दिसते' म्हणून. सदोष प्रत पुरुषात असली तरी बहुतेकदा तो ठणठणीत असतो. त्याला अंडाशय नाहीत आणि त्याच्या स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण कमी असतं. (शून्य नसतं. बीआरसीए-२ मध्ये दोष असेल तर पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.) आमचे आजोबा ८२ वर्षं जगले, शेवटपर्यंत विहिरीवर जात होते. त्यांची बहीण मात्र चाळिशीतच 'पोटात पाणी होऊन' गेली, असं आजी सांगायची. पोटात पाणी होणं हे अंडाशयाच्या कॅन्सरचं नेहमीचं लक्षण असतं, हे आम्हाला आत्ता कळतंय. आजोबांनी तो दोष कदाचित आयुष्यभर वागवला आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

दुसरं कारण आपल्या घरांच्या रचनेत आहे. आत्या लग्न होऊन जाते, तिचं आडनाव बदलतं, तिच्या दुखण्याचा हिशेब सासरच्या वहीत जातो. डॉक्टरांनी 'घरात कुणाला होता का' विचारलं की आपण आई, मावशी, बहीण मोजतो. आत्या 'त्यांच्या घरची' झालेली असते. माझ्या बहिणीच्या जागी मी असते तर मीही बहुधा 'नाही' म्हणाले असते.

आता धोका किती, याचे आकडे. २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या ६,०३६ आणि बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या ३,८२० स्त्रियांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला. वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण बीआरसीए-१ वाल्यांत ७२ टक्के, बीआरसीए-२ वाल्यांत ६९ टक्के. अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. काकांनी हे चार आकडे एकदा शांतपणे वाचावेत आणि मग सांगावं, विचार करण्याची गरज आहे की नाही.

७२ म्हणजे १०० नव्हे, हेही खरं. उरलेल्या २८ जणींना का होत नाही, याचं उत्तर १९७१ सालच्या एका कामात आहे. आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टराने लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कॅन्सरच्या ४८ केसेसचा हिशेब मांडला आणि म्हटलं, दोन घाव लागतात. जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम करत असते. तीही बिघडली की मग घोटाळा. ज्यांना पहिला घाव वारशाने मिळालेला असतो त्यांना एकच घाव पुरतो, म्हणून त्यांना रोग लवकर होतो, अनेकदा दोन्ही डोळ्यांत. बीआरसीएचंही असंच. त्याचं काम रफू करण्याचं. डीएनएचा धागा तुटला की या जनुकांपासून बनणारी प्रथिनं तो नीट जोडतात. दुसरी प्रतही गेली की त्या पेशीत रफू करणारंच उरत नाही, आणि मग एकावर एक चुका साठत जातात.

आता मुद्दा दोन : '९५ टक्के कॅन्सरचा जीन्सशी काहीही संबंध नाही. म्युटेशन ही कंपन्यांनी पसरवलेली भीती आहे.' (म्युटेशन म्हणजे जनुकात झालेला बदल. मुद्दा दोन म्हणतो जीन्सचा संबंध नाही, मुद्दा चार म्हणतो आईच्या जीन्समधून येतो. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचायचा.)

इथे मला थोडं मागे सरावं लागतं. वारशाने आलेल्या दोषामुळे होणारे कॅन्सर साधारण ५ ते १० टक्केच असतात. म्हणजे तो ९५चा आकडा अगदी हवेतून आलेला नाही. पण त्याचा अर्थ लावताना गाडी रुळावरून घसरली आहे. मराठीत सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत. 'आनुवंशिक' म्हणजे पिढीकडून पिढीकडे आलेलं. 'जनुकीय' म्हणजे जनुकांशी संबंधित. सगळे कॅन्सर आनुवंशिक नसतात, पण जनुकांतल्या बिघाडाशिवाय कॅन्सर नसतो. फक्त तो बिघाड बहुतेकदा जन्मानंतर, शरीरातल्या एखाद्या पेशीत होतो, आणि तो मुलाबाळांकडे जात नाही.

म्युटेशन हा शब्द ऐकून दचकायचंही कारण नाही. आईवडिलांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन तर प्रत्येक बाळ जन्माला येतं. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. जनुकसंचाची ३०० कोटींवर अक्षरं नकलून काढायची, तीही पेशी विभागली की दर वेळी, तर चुका होणारच. प्रश्न असतो तो चूक कुठे झाली याचा. पेशीला 'थांब' सांगणाऱ्या जनुकात झाली तर ती पेशी थांबायचं विसरते. टीपी-५३ हे असंच एक थांबवणारं जनुक, आणि साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये ते मोडलेलं सापडतं.

या चुका वाढवायच्या कशा, हेही माहीत आहे. रोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० नवे बदल साठतात, असा हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तंबाखू मळणारे हात आणि मशेरी लावणाऱ्या आज्या काही कमी नाहीत. तेव्हा 'आमच्या घरात कुणाला नाही, मला कशाला होतोय' म्हणत गालात चुना-तंबाखू धरणाऱ्याला हा ९५ टक्क्यांचा मेसेज म्हणजे आयतं प्रमाणपत्र. गालातल्या पेशीला घराणं विचारायची सवय नसते.

आणि म्युटेशन थोतांड असेल, तर ग्लिवेक हे औषध चालतं कसं? एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल करतात. १९६० मध्ये ते विचित्र छोटं गुणसूत्र दिसलं, १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी अदलाबदल ओळखली, आणि त्यातून तयार होणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनावर नेम धरून बनवलेलं औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जो आजार काही वर्षांत माणूस न्यायचा, त्यातले कित्येक जण आज रोज गोळी घेऊन नोकरी करतात. थोतांडावर नेम धरून गोळी लागत नसते.

मुद्दा सहा : 'जीन टेस्ट हा धंदा आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की स्तन कापायला लावतात. हॉलिवूडच्या नटीला असंच घाबरवलं.'

धंदा आहे, हे नाकारून चालणार नाही. अमेरिकेत एका कंपनीने बीआरसीएच्या दोन्ही जनुकांवर पेटंट घेऊन बसायचा पराक्रम केला होता आणि चाचणीचे तीन हजार डॉलरच्या वर घेतले जात होते. निसर्गात असलेल्या डीएनएचं पेटंट घेता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये सांगितलं तेव्हा कुठे ती मक्तेदारी मोडली. त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकच्या पेटंटचा दावा फेटाळला. म्हणजे कंपन्या लबाडी करतात, आणि तिला वेसणही घालता येते. पण दुधात पाणी घालतात म्हणून दूध नावाचा पदार्थच नसतो असं कोण म्हणतं?

नटी म्हणजे अँजेलिना जोली. तिने २०१३ मध्ये स्वतः लेख लिहून शस्त्रक्रियेचं सांगितलं. तिची आई ५६व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली होती आणि जोलीच्या स्वतःच्या बीआरसीए-१ मध्ये दोष होता. निर्णय तिचा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी कुणाला टेबलावर ओढत नाही. स्तनांसाठी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, हा मार्ग असतो, आणि कित्येक जणी तोच धरतात. अंडाशयाचं मात्र अवघड आहे. ते वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी अजून नाही, म्हणून बीआरसीए-१ वाल्यांना मुलंबाळं झाल्यावर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि बीजनलिका काढण्याचा सल्ला देतात. माझी बहीण चौतीस वर्षांची आहे. 'बघू, करू'ला तिच्याकडे फार वर्षं नाहीत.

बाकीचे मुद्दे झटपट, कारण त्यांची लायकी तेवढीच.

मुद्दा एक, कॅन्सर म्हणजे 'जीवनसत्त्व बी-१७'ची कमतरता. असं जीवनसत्त्वच नाही. ते जर्दाळूच्या कडू बियांमधलं अमिग्डालिन नावाचं द्रव्य. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीला पोचलं. कडू बदाम लागला की थुंकून टाक, असं आजी सांगायची. ती या मेसेजवाल्यापेक्षा पुढारलेली होती.

मुद्दा तीन, अल्कधर्मी पाणी प्या, ऑटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला यासाठी १९३१चं नोबेल मिळालं. नोबेल मिळालं, पण पेशींच्या श्वसनातल्या विकरावरच्या (एन्झाइमवरच्या) कामासाठी. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी खातात हे त्याचं निरीक्षण खरं आहे, कॅन्सर शोधणारा पेट (PET) स्कॅन त्यावरच चालतो. पण रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्ये शरीर स्वतःच राखतं, तुमच्या लिंबूपाण्याला विचारून नव्हे.

मुद्दा पाच, सुई टोचली की गाठ पसरते. काही मोजक्या गाठींना सुई लावायची नसते, ते डॉक्टरांना ठाऊक असतं. स्तनाच्या गाठीची सुईने तपासणी न करणं हाच मोठा धोका. मुद्दा सात, सकारात्मक विचारांनी जीन्स बदलतात. धाकट्या आत्याएवढी हसरी बाई आमच्या सात गावांत नाही. पुरे. आठवा मुद्दा म्हणजे दहा जणांना पाठवण्याचा आदेश. तो मात्र सगळे इमानेइतबारे पाळतात.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. थोडं चढ्या आवाजात सांगितलं, त्याची माफीही मागितली. मग म्हटलं, काका, दोन बहिणींच्या पाठचे तुम्ही. आत्याचा नेमका दोष कुठल्या अक्षरात आहे हे रिपोर्टवर छापलेलं आहे, तेव्हा तेवढंच तपासायचं, पूर्ण चाचणीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. तुमच्यात तो नसेल, तर तुमच्या दोन्ही मुली या दोषातून एका झटक्यात सुटल्या, त्यांना सुई लावायचीसुद्धा गरज नाही. असेल, तर दोघींना तपासायचं. बाबा आता नाहीत, त्यामुळे माझ्याकडे ही सोय नाही. मी माझं रक्त मंगळवारी देऊन आले.

काका बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "ते उपाशीपोटी द्यायचं असतं का?"

म्हटलं, नाही. चहा पिऊनच निघा.