तुमचं केवायसी पेंडिंग आहे

"ओटीपी म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही कळतं. तू तिकडे बसून आम्हाला ग्राहकाशी कसं बोलायचं ते शिकवू नकोस."

आतेभावाचा हा निरोप गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर आला, तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. दादा एका बँकेच्या ऑनलाइन मदत विभागात नव्या मुलामुलींना तयार करतो. वाद निघाला माझ्या आईवरून. तिचे पैसे कुठेतरी अडकले होते, म्हणून तिने बँकेच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं : 'तुमची एसआर एल-टूला एस्कलेट केली आहे. टीएटी टी प्लस फाइव्ह. री-केवायसी पेंडिंग असल्यास कम्प्लिट करावे.' आईने ते मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "यात पैसे मिळतील असं म्हटलंय, की नाही मिळणार असं?"

आई पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिला वाचता येत नाही असं कोणी म्हणू नये.

मी ग्रुपवर लिहिलं की याला मदत म्हणत नाहीत. दादाचं म्हणणं असं, की मुलं एका वेळी तीन-चार चॅट सांभाळतात, आद्याक्षरांनी वेळ वाचतो. शिवाय सगळं फोड करून सांगणं म्हणजे ग्राहकाला अडाणी समजणं. आणि या शब्दांना मराठीत शब्द आहेतच कुठे?

हेच काम मी ब्रिटनमध्ये चौदा वर्षं करते आहे, त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नव्हतं. गेली सहा वर्षं चॅटवरची तयार उत्तरं लिहिणं हेच माझं काम. एखादं उत्तर गेल्यावर ग्राहक पुन्हा काय विचारतो, ते आम्ही रोज बघतो. 'म्हणजे काय?', 'मी आता काय करायचं?', 'किती दिवस?' हे तीन प्रश्न परत आले, तर उत्तर माझं चुकलेलं असतं. वेळ वाचला असं दादा म्हणतो तेव्हा तो पहिलं चॅट किती मिनिटांत बंद झालं एवढंच मोजतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीला तेच विचारतो, तेव्हा ते नवं चॅट म्हणून मोजलं जातं. आईने त्या आठवड्यात चार वेळा विचारलं.

अडाणी समजण्याचा मुद्दा मला जास्त झोंबला. इथल्या सरकारी संकेतस्थळाच्या लेखन-नियमांत कायद्याच्या भाषेवरच्या एका पाहणीचा दाखला आहे. ८० टक्के लोकांना साधी इंग्रजी पसंत होती, आणि विषय जितका किचकट तितकी ही पसंती वाढत गेली. 'इंटर आलिया' (इतर गोष्टींबरोबरच) या लॅटिन शब्दांऐवजी त्याच अर्थाचे रोजचे शब्द ९७ टक्क्यांना हवे होते. पुढचं वाक्य मी दादाला मुद्दाम पाठवलं : माणूस जितका शिकलेला आणि आपल्या विषयातला जितका जाणकार, तितकी त्याला साधी भाषा जास्त हवी असते. कारण त्याच्याकडे वाचायला वेळ कमी असतो. साधं लिहिणं हा अपमान आहे, असं ग्राहक म्हणत नाहीत. ते म्हणतो आपण, ज्यांना अवघड शब्द येतात.

इथेही हे सहज घडलेलं नाही. क्रिसी मेहर या लिव्हरपूलच्या बाईंना किशोरवयातही नीट वाचता येत नव्हतं. १९७९ साली त्यांनी लंडनच्या पार्लमेंट चौकात न समजणाऱ्या सरकारी फॉर्मांचे जाहीरपणे तुकडे केले आणि साध्या इंग्रजीची मोहीम उभी केली. ३१ जुलै २०२३पासून तर इथल्या वित्तीय कंपन्यांवर बंधनच आहे : ग्राहकाला आपलं म्हणणं समजतं का, याची काळजी कंपनीने घ्यायची. समजून घेण्याचं ओझं ग्राहकावर टाकून मोकळं होता येत नाही. दादाला हे लिहिताना माझ्या बोलण्यात 'आमच्याकडे' हा शब्द तीनदा आला. तो त्याने बरोबर पकडला. "तुमच्याकडे म्हणजे कुठे?" असं विचारलं त्याने. त्याकडे मी वळतेच.

आधी पिनचं सांगते, कारण या एका शब्दात सगळा घोटाळा दिसतो. भारतात १५ ऑगस्ट १९७२पासून टपालाचा सहा आकडी पिन आहे. पन्नास वर्षं पत्ता लिहिताना आपण 'पिन लिहा' असंच म्हणत आलो. मग एटीएमचा चार आकडी पिन आला, २०१६नंतर यूपीआयचा चार किंवा सहा आकडी पिन आला आणि जोडीला सहा आकडी ओटीपी. मागच्या वर्षी आईला स्क्रीनवर 'पिन टाका' एवढंच दिसलं. तिने घरचा पिनकोड टाकला. तीनदा. तिसऱ्यांदा व्यवहार बंद झाला. चॅटवरच्या मुलाने लिहिलं, 'मॅम, यूपीआय पिन रीसेट करा.' तिने मला विचारलं, टपालखात्याने नंबर बदलला का? मला हसू आलं नाही. तिचं उत्तर चुकलं नव्हतं, प्रश्न अर्धा होता. 'पैसे पाठवताना तुम्ही ठरवलेला गुप्त आकडा टाका. हा घरच्या पत्त्यातला पिनकोड नव्हे.' ही दोन वाक्यं कोणीतरी एकदा लिहून ठेवायची होती.

आणि केवायसी. हा शब्द मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. केवायसी म्हणजे 'नो युअर कस्टमर', 'आपला ग्राहक ओळखा'. ही सूचना बँकेला आहे. २००२पासून रिझर्व्ह बँक बँकांना ती देत आली आहे. बँकेने बँकेसाठी वापरायचा शब्द जसाच्या तसा ग्राहकाच्या अंगावर टाकला : 'तुमचं केवायसी पेंडिंग आहे.' मुळात ओळखायचं काम कोणाचं? ग्राहकाला फक्त इतकं सांगायचं असतं की तुमच्या ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची नवी प्रत हवी, ती शाखेत किंवा आमच्या ॲपमधून द्या.

भामटे नेमके याच धुक्यात उभे असतात. 'केवायसी अपडेट करा, नाहीतर आज रात्री खातं बंद' हा मेसेज का चालतो? कारण तो शब्द लोकांच्या कानावर आहे पण त्यामागचं काम ठाऊक नाही. शब्द ओळखीचा, अर्थ अनोळखी, आणि भीती खरी. ज्याला पहिल्यापासून 'ओळखपत्राची प्रत' असं सांगितलेलं असतं, तो निदान विचारतो की त्यासाठी माझा गुप्त आकडा कशाला हवा? यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येक मदतीच्या चॅटमध्ये मराठीत असायला हवं. दादा म्हणतो ओटीपी सगळ्यांना कळतं. सगळ्यांना ओटीपी येतो, एवढंच खरं आहे.

मराठी शब्द नाहीत म्हणे. २०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात बँकांमध्ये मराठी बोला म्हणून आंदोलन झालं, तेव्हा मी इथून प्रत्येक बातमी वाचत होते आणि माझा जीव त्या मागणीकडे ओढत होता. पण 'तुमची सेवा विनंती द्वितीय स्तराकडे वर्धित केली आहे' अशी मराठी येणार असेल तर आईला काय फरक पडतो? आद्याक्षरं काढून त्या जागी संस्कृत बसवलं की मराठी झाली, हे मला मान्य नाही. शब्दाला शब्द शोधत बसू नये, काय घडलं ते सांगावं. 'तुमची तक्रार आम्ही वरिष्ठांकडे दिली आहे. कामाच्या पाच दिवसांत उत्तर येईल. तोवर तुम्हाला काही करायचं नाही. पैसे सुरक्षित आहेत.' यात एकही शब्द नवा घडवावा लागला नाही. आईला हे मी फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग हेच का नाही लिहिलं?"

आता दादाच्या प्रश्नाकडे. त्याने मला सुनावलं की तुमचंही काही कमी नाही, तूच आल्या आल्या पी-४५, पीएवायई, डीव्हीएलए असं पगारावरच्या कराचं आणि गाडीच्या परवान्याचं काहीबाही म्हणत रडत होतीस. खरं आहे ते. पहिल्या हिवाळ्यात कामावर कोणी एसएलए (काम किती वेळात करून द्यायचं याचा करार) म्हटलं की मी मान हलवायचे आणि रात्री शोधायचे. विचारायची लाज वाटायची. वर्षभरात ती सगळी आद्याक्षरं माझ्या तोंडी बसली. एका मीटिंगमध्ये मी एका दमात चार म्हटली आणि कोणी थांबवलं नाही, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथली झाले. मला आत येऊ देणारी किल्ली होती ती. म्हणून दादाच्या विभागातली बावीस वर्षांची मुलं ती का वापरतात हे मला कळतं. नोकरी नवी असते, आणि 'एल-टूला एस्कलेट केलं' म्हणताना आपण जाणकार आहोत असं वाटतं. पण त्यांनी ती किल्ली लावली की दाराबाहेर माझी आई राहते.

हे मी दादाला लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

अजून एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. माझं भारतातलं जुनं बचत खातं मी इतकी वर्षं तसंच ठेवलं होतं. १९९९च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे देश सोडून राहायला गेलेल्या माणसाला ते साधं खातं म्हणून चालवता येत नाही. मला हे माहीत होतं. दर वर्षी बँकेचा मेल यायचा, 'रेसिडेन्शियल स्टेटस अपडेट, एनआरओ कन्व्हर्जन' (एनआरओ म्हणजे देशाबाहेर राहणाऱ्यांचं खातं), आणि मी तो न उघडता ठेवायचे. आद्याक्षरं कळत नाहीत असं मला म्हणता येणार नव्हतं, मला ती सगळी कळत होती. तरी त्यांच्या आड बसता येत होतं.

शेवटी या वादानंतरच मी चॅटवर विचारलं, मराठीत. पलीकडे कोण होती ठाऊक नाही. तिने तयार उत्तर पाठवलं नाही. तिने लिहिलं : 'ताई, तुम्ही आता इथे राहत नाही. म्हणून तुमचं खातं बाहेर राहणाऱ्यांच्या प्रकारात बदलावं लागेल. तुमचे पैसे तसेच राहतील, खातं बंद होणार नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा पाठवा.'

चौदा वर्षांत मला आलेलं हे सर्वांत स्वच्छ उत्तर होतं. कुठेही शंका नव्हती, परत विचारावं असं काही उरलं नव्हतं. त्यातलं पहिलं वाक्य मी बराच वेळ वाचत बसले. मग 'कळलं' असं लिहिलं आणि कागद शोधायला उठले.