फट म्हणता खिडकीहत्या

मला फट बघवत नाही. कुणाला रक्त बघवत नाही, कुणाला पाल बघवत नाही, तसं. फट दिसली की माझी मान आपोआप डावीकडे तिरकी होते, एक डोळा बारीक होतो आणि उजव्या हाताला काहीतरी भरायची, घासायची नाहीतर ठोकायची उबळ येते. नवऱ्याचं म्हणणं असं, की ही मान तिरकी झाली की घरातल्या नाजूक वस्तू हलवून ठेवाव्यात. आणि शक्य असेल तर माणसंही.

अशा बाईने खिडक्यांच्या वाटेला जाऊ नये. खिडकी हा पदार्थच मुळात भिंतीला मुद्दाम पाडलेली फट. पण हे तेव्हा सुचलं नाही.

सुरुवात झाली झोपायच्या खोलीतल्या लाकडी खिडकीपासून. पावसाळा लागला आणि तिची एक झडप लागेना. लागायची, पण खालच्या कोपऱ्यात अडून बसायची. सासूबाईंची त्यावरची पद्धत ठरलेली होती. झडप ओढायची, कोपऱ्यावर तळहाताने एक दणका द्यायचा, कडी घालायची आणि खिडकीला उद्देशून एक शब्द उच्चारायचा. तो शब्द इथे देता येत नाही. एवढ्यावर ती खिडकी कित्येक पावसाळे सुखाने नांदत होती.

पण दणका हा काही उपाय नव्हे, असं माझ्या शास्त्रशुद्ध मनाला वाटलं. मी वाचन केलं. दमट हवेत लाकूड पाणी पितं आणि फुगतं. फुगतं तेही आडवं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ नाहीच. माणसासारखंच आहे, उंची तीच राहते आणि घेर वाढतो. तेव्हा झडपेचा घेर कमी करायचा, म्हणजे रंधा मारायचा. रंधा शेजारून आणला.

नेमकं कुठे घासतंय ते शोधायचीही एक रीत आहे. झडपेच्या कडेला खडू फासायचा, झडप लावायची आणि उघडायची. जिथला खडू पुसला गेला, तिथे घासतंय. मी कड पांढरीफेक केली. झडप लावली, उघडली. खडू फक्त खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात पुसला होता. वरती सगळा जसाच्या तसा.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. लाकूड फुगलं असेल तर झडप सगळ्या कडेने घासेल, एकाच कोपऱ्यात कशी घासेल? पण हातात रंधा असलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. मी कोपरा तासला. भुश्शाची सुंदर वेटोळी पडली. एकदा उलट्या दिशेने रंधा गेला तेव्हा वेटोळं पडलं नाही, बोटभर लांब ढलपी निघाली. ती मी खिशात घातली.

झडप एका बोटाने लागली! मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. मग पुन्हा दाखवली. नवरा म्हणाला, "छान." सासूबाईंनी स्वतः लावून बघितली आणि सवयीने दणका दिला. मी एकूण अकरा वेळा ती झडप उघडून लावून दाखवली असेल. बाराव्या वेळी ती पुन्हा अडली.

मी पुन्हा तासली.

पुढे आठवडाभराने कपाटाच्या कामासाठी सुतारकाका आले होते. जाता जाता त्यांनी खिडकीकडे पाहिलं, जवळ गेले आणि एक बोट खाली लावून झडप अलगद वर उचलली. झडप चांगली बोटाच्या पेराएवढी वर गेली. सोडल्यावर खाली बसली.

"ताई, हिची वरची बिजागरी ढिली झालीय. झडप खाली बसते, म्हणून कोपरा घासतोय. हे तासलं कुणी?"

मी खिशातल्या हाताची मूठ घट्ट केली.

त्यांनी काड्यापेटी मागितली. स्क्रू काढला, चार काड्यांचं गुल मोडून त्या गोंदात बुडवल्या, रुंदावलेल्या भोकात ठोकल्या, वर आलेल्या कापल्या आणि त्यातच स्क्रू पुन्हा पिळून बसवला. पाच मिनिटं लागली. त्यातली तीन काड्यापेटी सापडण्यात गेली. झडप वर उचलली गेली, ताठ उभी राहिली, चौकटीत बसली आणि खाली, माझ्या कोपऱ्यात, एक त्रिकोणी फट उघडली. त्यातून बाहेरचं झाड दिसत होतं.

"ही आता अशीच राहायची," काका म्हणाले. "आणि उघडं पडलेलं लाकूड जरा हवा सुकी झाली की रंगवून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात पाणी पिईल. झडपेची वरची आणि खालची कड कुणी रंगवत नाही. दिसत नाही ना. पाणी पहिलं तिथूनच शिरतं."

फट बुजवायला निघालेली मी, आता एका फटीची जन्मदात्री होते. काका गेल्यावर सासूबाईंनी जुन्या पुठ्ठ्याची घडी करून त्या त्रिकोणात बसवली. माझ्याकडे न बघता. हे न बघणंच जास्त लागतं.

आता कुणी म्हणेल की एवढ्यावर धडा मिळाला असेल. धडा मिळाला होता. तो लाकडाबद्दल होता. बैठकीतली खिडकी अॅल्युमिनियमची आणि सरकती होती.

तिचं सुरुवातीचं दुखणं साधं होतं, जड सरकायची. मी ट्रॅकमध्ये मशीनचं तेल ओतलं. दोन दिवस ती अशी पळाली की नवऱ्याचं बोट सापडता सापडता वाचलं. तिसऱ्या दिवसापासून बाहेरची धूळ त्या तेलावर येऊन बसायला लागली आणि पंधरवड्यात ट्रॅकमध्ये काळं वंगण तयार झालं. ते मग जुन्या टूथब्रशने आणि चिंध्यांनी मी दोन दुपारी बसून उपसलं. (ट्रॅकमध्ये तेल घालू नये. आधी झाडून, पुसून कोरडा करावा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर झडपेच्या बुडाशी असलेल्या चाकांकडे बघावं. बऱ्याच खिडक्यांत कडेच्या भोकातून एक स्क्रू दिसतो, तो फिरवला की चाक वरखाली होतं. हे सगळं मला आता माहीत आहे.)

तर त्या सफाईत मला ती दिसली. ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला, अगदी तळाशी, दोन लांबट भोकं. खिडकी बसवणाऱ्याने दोन भोकं बुजवायची विसरावीत? वर्षानुवर्षं आपल्या घरात या भोकांतून वारा, धूळ आणि मुंग्या येत होत्या आणि कुणाचं लक्षही नव्हतं! माझी मान तिरकी झाली.

सिलिकॉनची नळी आणली. नळीचं तोंड तिरकं कापलं, ती दाबायच्या बंदुकीत बसवली आणि दोन्ही भोकं गच्च भरली. बोट ओलं करून वरून गुळगुळीत केली. या जातीचं सिलिकॉन सुकताना त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं, म्हणजे घरभर व्हिनेगरचा वास. सासूबाई स्वयंपाकघरातल्या एकेक बरणीचं झाकण उघडून हुंगत होत्या, तेव्हा मी समाधानाने सोफ्यावर बसून माझ्या कामाकडे बघत होते. हवेतल्या ओलाव्याने ते बाहेरून आत सुकत जातं, म्हणून मी त्याला चांगला दीड दिवस दिला. फार पक्कं बसलं.

रात्री पाऊस आला, तिरका. खिडकी पूर्ण बंद होती. बैठकीत झोपलेला नवरा पहाटे उठून म्हणाला, "अगं, माझी उशी ओली का आहे?"

ट्रॅक काठोकाठ भरला होता. सरकत्या खिडकीत थोडं पाणी शिरणारच, हे तिच्या कर्त्याला ठाऊक असतं. झडपा सरकायच्या म्हणजे मध्ये जागा हवीच, आणि जागा आहे तिथून पाणी येणारच. म्हणून ते ट्रॅकमध्ये जमू द्यायचं आणि तळाच्या भोकांतून बाहेर सोडून द्यायचं. ती भोकं कुणी विसरलेलं नव्हतं. ती मोजून पाडलेली असतात. मी खिडकीची मोरी बुजवून तिची बादली केली होती.

पक्क्या बसलेल्या सिलिकॉनबद्दल एक सांगते. ते जिथे नको असतं तिथून कधीच निघत नाही. मी ब्लेडने कापलं, दाभणाने टोकरलं, शेवटी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत मागच्या बाजूने ढकललं. नवऱ्याने माझे पाय धरले होते. तेवढ्यात त्याने मला माहिती दिली, की इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला लोकांनी घरच्या खिडक्या चक्क विटा रचून बंद करून टाकल्या होत्या. "तू तिथे फार सुखात राहिली असतीस," तो म्हणाला. मी उलटी लोंबत असल्यामुळे उत्तर दिलं नाही.

शेवटी एक पांढरी गुठळी सुटली आणि टुळुककन आवाज होऊन पाणी बाहेर गेलं. रात्रभराचं तुंबलेलं. इतका सुटकेचा आवाज मी त्या घरात पूर्वी ऐकला नव्हता.

स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच मी फोडली नाही. तिला तडा गेला. काच धरून ठेवणारी लाकडी पट्टी थोडी सुटलेली दिसली म्हणून मी तिच्यावर एक बारीक खिळा ठोकत होते, आणि हातोडीला खिळा लहान वाटला असावा.

तडकलेली काच काढण्याचं काम मात्र मी उत्तम केलं, हे नमूद व्हावं. काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावल्या, म्हणजे तुकडे विखरत नाहीत. जाड हातमोजे घातले. काचेच्या कडेची जुनी लांबी, म्हणजे पुटी, दगड झाली होती. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल यांचा तो मऊ गोळा हवेशी संग करून करून असा होतो. ती केस वाळवायच्या यंत्राने शेकत शेकत पटाशीने काढली. काच एकसंध बाहेर आली. मग मी टेप घेऊन माप घ्यायला उभी राहिले, आणि तिथून पुढे उतार लागला.

चौकटीतली ती खाच, जिथे काच बसते, तिची रुंदी मी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली. तीन वेगळे आकडे आले. कर्ण मोजले, तेही एकमेकांशी बोलत नव्हते, सहा मिलिमीटरचा फरक. चौकट काटकोनात नव्हतीच कधी. आता अशा वेळी सगळ्यात लहान माप धरायचं असतं. मी सरासरी काढली. शाळेत गणित चांगलं असल्याचे हे तोटे.

काचवाल्याने फोनवर एकच प्रश्न विचारला. "ताई, हे माप काचेचं की खाचेचं?"

मला त्यात काही प्रश्न दिसेना. खाच भरेल एवढी काच, फट कशाला सोडायची? "काचेचं," मी ठणकावून सांगितलं. वर, सुरक्षित असावी म्हणून, टफन्ड काच मागितली.

काच आली. कोपऱ्यात शिरली, दुसऱ्या कोपऱ्याशी थांबली. अगदी थोडक्यात. दोन-तीन मिलिमीटर. मी ढकलणार होते, एवढ्यात काचवाला ओरडला. खाचेच्या मापातून काच सगळ्या बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर कमी घ्यायची असते, कारण चौकट ऋतूप्रमाणे हलते, उन्हाने काचही वाढते. चौकटीला भिडलेली काच आज ना उद्या तडकते. म्हणजे इथेही फट. मोजून, ठरवून, मुद्दाम सोडलेली फट.

"थोडी कापून द्या," मी म्हणाले.

"टफन्ड कापता येत नाही. एकदा भट्टीतून निघाली की संपलं. कापायला गेलं की सगळीचा चुरा." तो जरा थांबला. "घासता येईल का, असं विचारणार असाल तर तेही नाही."

मी तेच विचारणार होते. लाकडाच्या वेळी जास्त तासलं आणि काचेच्या वेळी तासायची सोयच नाही. माझा हिशेब कुठेतरी बरोबर आला असता, तर तो या दोन्हींच्या मध्ये. ती काच आता कपाटामागे उभी आहे. तिच्या मापाची खिडकी कुठे दिसली तर मी घेईन.

अभ्यासिकेतल्या दुहेरी काचेच्या खिडकीला मी हात लावलेला नाही. तिच्या दोन काचांच्या मध्ये धुकं जमलंय. बाहेरून पुसलं, आतून पुसलं, जात नाही. कडेचं सील गेलं की दमट हवा आत शिरते आणि आतल्या कडेत पाणी शोषायला ठेवलेले मणीही एका मर्यादेपलीकडे हात टेकतात. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. आमच्या गाईला मोतीबिंदू झालाय. सगळ्या घरात एवढी एकच फट बुजवायला हवी होती, आणि ती दिसतसुद्धा नाही. ते पूर्ण तावदानच बदलावं लागतं, असं कळल्यावर नवऱ्याने माझ्या हातून टेप काढून घेतली आणि माप घ्यायला माणूस बोलावला.

रंधा परत गेला. सिलिकॉनची उरलेली नळी मला सापडत नाही. सासूबाईंना विचारलं तर त्यांना अचानक कमी ऐकू येतं.

परवा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. समोर न्हाणीघराचं दार. दाराच्या खाली, फरशीपासून चांगली दोन बोटं, लख्ख उजेडाची एक पट्टी. यापूर्वी ती मला कशी दिसली नव्हती कोण जाणे.

नवरा जेवायचा थांबला.

"ती हवा खेळायला ठेवलेली असते," सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या.

"मी काही म्हटलंच नाही, आई."

"म्हटलं नाहीस गं. आधी मान सरळ कर."