राजासॉरसला ‘भारताचा टी-रेक्स’ म्हणणं थांबवायला हवं

‘राजासॉरस म्हणजे भारताचा टी-रेक्स! त्याचाच भाऊबंद, तेवढाच अवाढव्य. डोक्यावरच्या शिंगाने सावज भोसकायचा. शेवटी दख्खनच्या लाव्हारसात होरपळून मेला.’ गुजरातेत सापडलेल्या राजासॉरस या मांसाहारी डायनासोरबद्दल असा मजकूर व्हॉट्सॲपवर आणि शाळकरी मुलांच्या प्रकल्पवह्यांत सर्रास दिसतो. सोबत टी-रेक्सचंच चित्र असतं, फक्त वर एक शिंग चिकटवलेलं. हेतू कौतुकाचा असेल, पण यातलं एकही विधान टिकत नाही. आणि त्यात या प्राण्याची खरी गोष्टच हरवते, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी भाऊबंदकी. टी-रेक्स हा टायरॅनोसॉर कुळातला, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. राजासॉरस अॅबेलिसॉर कुळातला. या कुळाची माणसं, म्हणजे प्राणी, सापडतात अर्जेंटिनात, मादागास्करमध्ये आणि भारतात, कारण हे सगळे भूभाग एकेकाळी गोंडवन या दक्षिणेकडच्या महाखंडाचे तुकडे होते. मादागास्कर आणि भारत तर सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकत्र होते. म्हणूनच राजासॉरसचा जवळचा नातलग, माजुंगासॉरस, मादागास्करमध्ये निघाला. टी-रेक्स आणि राजासॉरस यांच्या वंशशाखा त्यांच्या काळाच्याही 10 कोटींहून अधिक वर्षं आधी वेगळ्या झाल्या होत्या. नात्याने बघायचं तर टी-रेक्स राजासॉरसपेक्षा आपल्या खिडकीत येणाऱ्या चिमणीला जवळचा आहे.

‘तेवढाच अवाढव्य’ हे तर साफ चूक. मोठा टी-रेक्स सुमारे 12 मीटर लांब असायचा. राजासॉरसचं नामकरण 2003 मध्ये झालं, तेव्हाच्या बातम्यांत 30 फूट, म्हणजे सुमारे 9 मीटर, हा आकडा होता. पुढे इतर अॅबेलिसॉरांच्या मोजमापांवरून केलेला अंदाज 6.6 मीटरपर्यंत खाली आला.

अंदाज असा का हलतो, हे समजून घ्यायचं तर गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोलीला जावं लागेल. 1982 ते 1984 या काळात जीएसआयच्या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथे खोदकाम केलं. हाडं विखुरलेली होती. पण सुरेश श्रीवास्तव यांनी कोणतं हाड जमिनीत नेमकं कुठे पडलं होतं, याचा तपशीलवार नकाशा काढून ठेवला. पुढे जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी या जीवाश्म-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हाडं अभ्यासली, तेव्हा ती एकाच प्राण्याची आहेत हे जुळवायला तो नकाशा कामी आला. हाती काय आहे? कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, मणके, कंबरेची आणि मागच्या पायांची हाडं, शेपटीचा भाग. बस. पुढचे हात मिळालेलेच नाहीत. तरी चित्रांत टी-रेक्सचे दोन बोटांचे हात बिनदिक्कत काढलेले असतात. अॅबेलिसॉरांचे हात त्याहूनही आखूड होते आणि त्यांना बोटं चार होती. अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसच्या सांगाड्यात हे नीट पाहायला मिळतं. एवढ्या तुटपुंज्या हाडांतून एक अख्खी जात ओळखता आली, ती त्या नकाशामुळे आणि जपून ठेवलेल्या हाडांमुळे. माझ्या मते कौतुक करायचंच तर याचं करावं.

आता शिंग. फॉरवर्डमध्ये ते गेंड्यासारखं टोकदार असतं. प्रत्यक्षात कपाळाच्या आणि नाकाच्या हाडांपासून बनलेला तो एक बुटका, गोलसर उंचवटा आहे. त्याने कुणाला भोसकता आलं नसतं. दाखवण्यासाठी, किंवा फार तर आपल्याच जातभाईंशी डोक्याने ढकलाढकली करण्यासाठी त्याचा उपयोग असावा, असं मानतात. माजुंगासॉरसच्या माथ्यावरही असाच एकच घुमट आहे, आणि कार्नोटॉरसच्या डोळ्यांवर दोन शिंगं. टी-रेक्सला यातलं काहीच नव्हतं.

राहिला लाव्हा. हा मुद्दा आपल्या जवळचा, कारण तोच लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्ट खडकावर निम्म्याहून जास्त महाराष्ट्र उभा आहे. राजासॉरसची हाडं मिळाली ती लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत, आणि हे थर लाव्हाच्या खाली, म्हणजे त्याच्या आधीचे आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनासोर मिळाला, तोही याच थरांत. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला याच थरांतल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले, आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं हा समज 2005 मध्ये मोडीत निघाला. म्हणजे या थरांत दिसतं ते नद्या-तळ्यांकाठचं नांदतं जीवन, होरपळ नव्हे.

शिवाय लाव्हा एका दिवसात आला नाही. एक प्रवाह, मग दीर्घ खंड, त्यात तळी साचायची, झाडं उगवायची, आणि मग पुढचा प्रवाह. डायनासोर नामशेष होण्यात 6.6 कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानमध्ये आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखी वायूंमुळे बिघडलेल्या हवामानाचा किती, यावर वाद चालू आहे. पण लाव्हाने गाठून जाळलं, असं त्या वादातली कोणतीही बाजू म्हणत नाही. कच्छमध्ये अंजारजवळ दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या गाळात डायनासोरांची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली आहेत. पहिला लाव्हा थंड झाल्यावरही ते तिथे हिंडत होते आणि अंडी घालत होते.