सोळा बाय सोळाचा नरकासुर

गोव्यात दिवाळीला आमच्या वाड्यावर नरकासुराचा पुतळा करतात, त्याचं तोंड गेली 22 वर्षं मी रंगवतो. बांबूचा सांगाडा, गवत, वर कागद हे सगळं मुलं करतात. तोंड मात्र सरांकडे. ड्रॉइंगचा मास्तर म्हणून निवृत्त झालो, तरी या एका खात्यातून मला कुणी निवृत्त केलेलं नाही. रात्रभर गावभर मिरवायचा, पहाटे जाळायचा, मग घरी येऊन पायाखाली कारीट फोडायचं आणि पाच तऱ्हांच्या पोह्यांवर बसायचं. माझी कला दरवर्षी पहाटे राख होते. माझी काहीच तक्रार नाही, उलट चुका राहत नाहीत.

म्हणून भाचा म्हणाला, ‘मामा, मी व्हिडिओ गेम करतोय, नरकासुराचा. तू फक्त चित्रं दे, बाकी मी बघतो,’ तेव्हा मी तत्काळ हो म्हटलं. या ‘फक्त’वर मी तेव्हाच संशय घ्यायला हवा होता. ‘फक्त सही करा’ म्हणणाऱ्या माणसासमोर मी चष्मा लावून बसतो. भाच्यासमोर बसलो नाही.

चांगल्या हातकागदावर जलरंगात नरकासुर काढला. मिशीला तीन दिवस लागले. सुळे, लाल डोळे, कानात कुंडलं, दंडावर शिरा. मोबाइलवर फोटो काढून पाठवला. तासाभरात फोन आला.

‘मामा, हा चार हजार बाय तीन हजार आहे.’

‘बरं.’

‘मला सोळा बाय सोळा हवा.’

मला वाटलं, इंच. मोजपट्टी काढली. तो म्हणाला, पिक्सेल. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक चौकोनी ठिपका, त्याच्या आत आणखी काही काढता येत नाही. असे 16 आडवे, 16 उभे. एकूण 256 ठिपक्यांत अख्खा राक्षस, कुंडलांसकट. मी याहून जास्त रंग त्याच्या डाव्या नाकपुडीवर खर्च केला होता.

माझी समजूत काढायला त्याने मारिओची गोष्ट सांगितली. 1981 च्या गेममध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा ठिपके इतके कमी होते की तोंड काढायला जागाच नव्हती, म्हणून नाकाखाली मिशी दिली. केस काढणं अवघड, म्हणून टोपी. म्हणजे ज्या मिशीला जग कौतुकाने बघतं, ती त्याची हौस नव्हे, अडचण. शिवाय 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. हे मात्र मला लगेच पटलं. जत्रेच्या नाटकात आमचा एकच जंगलाचा पडदा रामाच्या वनवासालाही चालायचा आणि अफझलखानाच्या छावणीलाही. दिवे तेवढे बदलायचे.

बसलो. माऊस धरून 256 चौकोन भरले. मिशीला सहा मिळाले. पाठवलं. संध्याकाळी भाचा लॅपटॉप घेऊन घरीच आला. पडद्यावर माझा नरकासुर धावत होता, पण रेशनकार्डावर चिकटवलेल्या फोटोसारखा, भोवती पांढरा चौकोन घेऊन.

‘मामा, मागचा पांढरा काढ.’

‘मागे पांढरा कुठे आहे? तिथे मी काही काढलंच नाही.’

इथून आमच्या घरात जे सुरू झालं ते दिवाळीपर्यंत पुरलं. जलरंगवाल्यासाठी पांढरा म्हणजे जिथे ब्रश लावला नाही ती जागा. 31 वर्षं मी मुलांना हेच शिकवलं. आणि हेही शिकवलं की सगळे रंग एकत्र केले की चिखल होतो. भाच्याच्या मशीनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी शून्य ते 255, आणि तिन्ही पूर्ण भरले की होतो पांढरा! तिन्ही शून्य म्हणजे काळा. प्रकाशाचं मिश्रण आणि रंगाचं मिश्रण वेगळं, हे पुस्तकात मीही वाचलं होतं, पण ते पुस्तक माझ्याशी कधी भांडायला आलं नव्हतं. म्हणजे मी जे रिकामं समजत होतो ते काठोकाठ भरलेलं निघालं. खरी रिकामी जागा चौथ्या आकड्यात असते, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा शून्य असला की ठिपका आरपार.

रात्री जागून खोडरबराने सगळा पांढरा खोडला. सेव्ह केलं, उघडलं, पांढरा परत हजर. पुन्हा खोडला, पुन्हा हजर. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, ‘अहो, भिंतीवर बुरशी आली तरी तुम्ही इतके घासत नाही.’ सकाळी कळलं की मी जेपीजी या फाइलच्या प्रकारात सेव्ह करत होतो. जेपीजीत तो चौथा आकडा ठेवायला खणच नाही. शिवाय ते चित्र दाबून बसवताना डोळ्याला कळणार नाहीत असे तपशील फेकून देतं. फोटोत ते खपतं. माझ्या सहा ठिपक्यांच्या मिशीतले फेकणार काय? तिच्याभोवती मळकट डाग पडले होते, जेवून तोंड न पुसल्यासारखे.

‘पीएनजी कर,’ भाचा म्हणाला. मी फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं पुसून ‘पीएनजी’ लिहिलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मामा, साखळीच्या बसला पणजीची पाटी लावली म्हणून ती पणजीला पोचते का?’ हा मुलगा लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघायचा.

पीएनजीचा इतिहास मला आवडला. जीआयएफ या चित्राच्या जुन्या फाइल-प्रकारात चित्र दाबायची जी युक्ती होती, तिच्यावर कुणाचं तरी पेटंट होतं. भाटकाराने, म्हणजे जमिनीच्या मालकाने, अचानक भाडं मागावं तसं झालं, म्हणून 1995 मध्ये काही लोकांनी मिळून नवं घर बांधायला घेतलं, तेच पीएनजी. त्यात काही फेकलं जात नाही आणि अल्फाला स्वतंत्र खोली आहे.

एकदाचा खरा पीएनजी केला आणि मोबाइलवरून भाच्याला पाठवला. मेसेजच्या ॲपने तो वाटेतच, न विचारता, जेपीजी करून पोचवला. पांढऱ्या चौकोनासकट. चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवायचं नसतं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं, हे मला कोणत्या शाळेत शिकवणार होते?

माडाचं झाड तरी आयतं घ्यावं म्हणून नेटवर शोधलं. पारदर्शक जागा दाखवायला सॉफ्टवेअरमध्ये करड्या-पांढऱ्या चौकड्या दिसतात, हे आता मला ठाऊक होतं. चौकड्यांवरचा एक सुंदर माड मिळाला, उतरवला, गेममध्ये टाकला. कुणीतरी त्या चौकड्या चित्रातच रंगवून ठेवल्या होत्या. आमच्या गेममध्ये दोन दिवस लुंगी नेसलेला माड उभा होता.

मोठा नरकासुर, सुरुवातीच्या पानावरचा, मी हट्टाने जलरंगातलाच घेतला. मागचा पांढरा कापला. पण कडेचे ठिपके धड काळेही नव्हते, धड पांढरेही नव्हते, अर्धेमुर्धे मिसळलेले होते, आणि ते कात्रीतून सुटले. निळ्या आकाशावर ठेवला तर भोवती शुभ्र तेजोवलय! साक्षात देवासारखी प्रभावळ. शेजारचे भटजी बघून गेले आणि काही न बोलता गेले.

मग चिऱ्यांची भिंत. अख्खी भिंत काढायची नाही, एक तुकडा काढायचा आणि तोच शेजारीशेजारी लावत जायचा, पणजीच्या जुन्या घरांवरच्या आझुलेजो लाद्यांसारखा. उजवी कड डावीला जुळली पाहिजे, बस. मी जुळवली. पण एका चिऱ्यावर मोहाने शेवाळाचा छोटासा डाग दिला. भिंतीवर तो डाग 40 वेळा आला, एका रांगेत, समान अंतरावर. कलेचं वेड म्हणतात ते हेच. तुकडा पुसून नवा केला, अगदी बेचव. भिंत झकास दिसली.

भाच्याचा फोन तापायला लागला तेव्हाही आरोपी मीच. देवळाच्या भिंतीवरच्या कावीच्या चित्राचा फोटो मी पार्श्वभूमीला दिला होता. फाइल तीनच एमबीची. पण ती मोजणी डब्यातल्या पोह्यांची. भिजल्यावर किती होतात ते वेगळं. गेम चालू झाला की दाबलेलं चित्र पूर्ण उलगडतं, चार हजार गुणिले तीन हजार ठिपके, प्रत्येकी चार आकडे, म्हणजे 4 कोटी 80 लाख बाइट, एका भिंतीसाठी. ‘रुंदी 1024 ठिपक्यांची कर,’ तो म्हणाला. गंमत म्हणजे कावीला इतक्या श्रीमंतीची गरजच नाही. चुन्यावर तांबडा थर आणि तो खरवडला की खालचा पांढरा. दोनच रंग, म्हणजे ठिपक्याला एक बिट पुरे. आणि तिथला पांढरा खरोखरच खाली असतो, हे मी भाच्याला दोनदा सांगितलं.

गेम झाला. वाड्यावरच्या मुलांनी खेळून बघितला आणि नरक चतुर्दशीच्या चार दिवस आधी सगळी माझ्या अंगणात. ‘सर, यंदा तोंड असंच करूया. चौकोनी.’ पुठ्ठ्याचे वीतभर चौकोन कापले, सोळा बाय सोळा, बांबूच्या जाळीवर बांधले. मिशीला सहा. जिथे अल्फा शून्य तिथे पुठ्ठा लावलाच नाही.

रात्री मिरवणूक रस्त्यावर आली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याने टॉर्च वर मारला, कानाजवळच्या भोकांतून विजेच्या तारा आणि दोन चांदण्या दिसत होत्या.

‘सर,’ तो म्हणाला, ‘हांगा रंग लावपाक विसरल्यात?’

‘विसरलो नाही,’ मी म्हटलं. ‘पीएनजी आहे.’