मिठानं रंग चढतो, मग प्रथिन कसं उतरतं?

नमस्कार काका,

प्रथिनं वेगळी करायच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, रेझिनचे बारीक मणी भरतात; त्यांच्यावर प्रथिन सुतावर रंग बसावा तसं बसतं आणि मिठाच्या पाण्यानं सुटतं, असं मी गेल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "अक्कलकोट रोडला तीस वर्षं रंगाच्या टाकीवर काढली. मीठ टाकलं की रंग चढतो, सुटत नाही. पुस्तकी ज्ञान दिसतंय."

उपमा फसली, कबूल. रिॲक्टिव्ह रंग सोडा टाकला की सुताला कायमचा जोडला जातो. रेझिनवरचं प्रथिन मात्र उतरलंच पाहिजे, नाहीतर कॉलमही गेला आणि मालही. पण मिठाचं तुमचंही खरं आहे आणि माझंही.

पाण्यात सुतावर ऋण प्रभार, तुमच्या रंगावरही ऋण. दोघं एकमेकांना लोटतात. मिठातलं सोडियम मध्ये पडतं, लोटालोटी कमी होते, रंग सुतापर्यंत पोचतो. आता अंड्याचा पांढरा भाग घ्या. पीएच 8 ला त्यातल्या लायसोझाइम या प्रथिनावर धन प्रभार असतो, कारण तो शून्य व्हायला पीएच 11 च्या आसपास जावं लागतं. त्यातलंच दुसरं प्रथिन ओव्हाल्ब्युमिन, त्याचा तोच आकडा 4.5, म्हणून त्याच्यावर ऋण. माझ्या कॉलममधलं कार्बॉक्सिमिथाइल रेझिनही ऋण. मग ओव्हाल्ब्युमिन सरळ खाली वाहून जातं, लायसोझाइम रेझिनला धरून बसतं. इथे मुळात ओढ आहे, आणि मीठ ती ओढच ढिली करतं. गडद छटेला तुम्ही लिटरला साठ-सत्तर ग्रॅम टाकत असाल. मला 29 ग्रॅम, म्हणजे 0.5 मोलर, पुरतं.

'पुस्तकी' तेवढं लागलं हं. पहिल्या वेळी मी पांढरा भाग तसाच दहा मिलीच्या सिरिंजमध्ये भरलेल्या रेझिनवर ओतला होता. शेंबडासारखे धागे वरच अडकले, तासभर थेंब पडेना. आता बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, पातळ करून मलमलीतून गाळतो. मिठानं उतरलेले थेंब मायक्रोकॉकस जिवाणूंच्या दुधट पाण्यात टाकले की ते काही मिनिटांत नितळ होतं. लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडतं ना. थोडं ॲव्हिडिन नावाचं प्रथिनही सोबत येतं, त्याच्यावरही धन प्रभार आहे. तेव्हा उतरलेल्या मालाला मी 'शुद्ध' म्हटलं होतं, तो शब्द मागे घेतो.

आणि हो, तुमच्यासारखं मीठ घालून चढवायची पद्धतही आमच्यात आहे. प्रथिनाचे पाण्याला नकोसे भाग तेलकट रेझिनला चिकटावेत म्हणून अमोनियम सल्फेट भरपूर घालतात, आणि उतरवायला नुसता पातळ बफर. ती पोस्ट आधी टाकली असती तर तुमच्या शिव्या वाचल्या असत्या.